दिग्या, हा पोरगा पडतच नाही

बॉइसी, आयडाहो
२७ एप्रिल २०२५

प्रिय दिग्या,

तू तीन मेसेज टाकलेस आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, शिव्या घातल्या असशीलच. घाल. आज रविवार आहे, पोरगी दुपारची झोपलीय आणि मला तुला एका पोराबद्दल सांगायचंय, मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून पत्र. अ‍ॅश्टन जेंटी, इथल्या कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला पोरगा. वय २१. परवा गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर त्याचं नाव पुकारलं आणि मी सोफ्यावरून असा उठलो की हातातला चहा सगळा गालिच्यावर. बायको म्हणाली, तुझं प्रमोशन झालं तेव्हा एवढा उडाला नव्हतास.

हां, हसू नको. मला माहितीय तू काय म्हणणार, हातात बॉल घेऊन पळतात आणि नाव फुटबॉल, आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कुणी असा हात लावला असता तर पब्लिकनं चप्पल मारली असती. मीही इथं आल्यावर पहिली दोन वर्षं हेच म्हणायचो. पाच सेकंद खेळ आणि अर्धा मिनिट उभं राहणं, मधे जाहिराती, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं, यात काय बघायचं! मग समजलं की चार चान्समध्ये दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलं की पुन्हा चार चान्स, बास, बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीभोवती. आणि त्यात रनिंग बॅक म्हणजे कोण, तर क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा सूत्रधार, ज्याच्या हातात बॉल कोंबतो आणि म्हणतो जा आता, समोर अकरा जण तुला आडवं करायला टपलेत. म्हणजे तूच की रे लेका! कबड्डीत चढाईला गेलेला गडी. फरक एवढाच की याला मागं नाही यायचं, पुढं जायचं.

तर जेंटी. उंची जेमतेम पाच फूट आठ, वजन पंच्याण्णव किलोच्या आसपास, मांड्या म्हणजे आपल्या तालमीतल्या पैलवानाच्या. बाप अमेरिकेच्या नेव्हीत, त्यामुळं पोरगं गावोगाव फिरलेलं. जन्म फ्लोरिडातला, आणि गंमत म्हणजे टॅकल फुटबॉल पहिल्यांदा खेळला तो इटलीत, नेपल्सला, लष्करी तळावरच्या शाळेत. जिथं सगळं गाव सॉकरवेडं, मॅराडोनाचं गाव ते, आणि हा तिथं अंडाकृती बॉल बगलेत धरून पळतोय. मग टेक्ससला फ्रिस्कोत शाळा, आणि तिथून आमच्या बॉइसी स्टेट युनिव्हर्सिटीला. (बॉयझी नाही म्हणायचं बरं का, इथले लोक लगेच ओळखतात बाहेरचा कोण ते.)

आमचं स्टेडियम बघितलंस तर तुला वाटेल टीव्हीचा रंग बिघडलाय. गवत निळं आहे. खरंच निळं, १९८६ पासून, जर्सीपण निळी. गेल्या सप्टेंबरात २८ तारखेला मी पहिल्यांदा तिकीट काढून आत गेलो, ऑफिसातल्या एकानं ओढूनच नेलं, वॉशिंग्टन स्टेटशी मॅच होती, रात्री आठची. अ‍ॅल्युमिनियमचा बाक, त्यात मी नेहमीप्रमाणं पातळ जॅकेट घालून गेलेलो. शेजारी एक म्हातारा, बहुतेक सत्तरीचा, मांडीवर घोंगडी, मला विचारतो पहिल्यांदा आलास का. म्हटलं हो. म्हणाला मग फक्त दोन नंबरच्या जर्सीवर, म्हणजे जेंटीवर, नजर ठेव, बॉल बघू नको.

म्हणून मी दोन नंबर बघितला. बाकीचे गडी बॉल सुटायच्या आधी गुडघ्यात वाकून, हात मांडीवर ठेवून तयारीत, आणि हा सरळ उभा. हात दोन्ही बाजूला लोंबकळतायत, बस स्टॉपवर केएमटीची वाट बघत असल्यासारखा. भुताच्या पिक्चरमधला खुनी झाडामागं उभा असतो ना गप्प, लोक इथं त्याच्याशी तुलना करतात. मला तर वाटलं हा ह्या वेळी खेळणार नाहीये. आणि पुढच्या क्षणी बॉल त्याच्या पोटात, तो खांद्यावर एक घेतोय, कंबरेला दुसरा लटकलाय, पॅडवर पॅड आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो, ओली सतरंजी काठीनं झोडपल्यासारखा, मी मनात म्हटलं पडला. नाही पडला. गर्रकन फिरला, एक हात जमिनीला टेकवला, उठला आणि पळतोय, आणि म्हातारा घोंगडी टाकून उभा. स्टेडियमची एक बाजू ओरडते बॉइसी, समोरची ओरडते स्टेट, मी कुठल्या बाजूचा ते पण मला कळेना, मी दोन्ही ओरडत होतो. त्या रात्री त्यानं २६ वेळा बॉल घेतला, २५९ यार्ड आणि चार टचडाऊन, म्हणजे चार वेळा बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडली.

आता ऐक, यातली खरी मेख. वेगानं पळणारे ढीगभर आहेत, याच्यापेक्षा जोरात पळणारेही आहेत. पण ह्याचे निम्म्याहून कितीतरी जास्त यार्ड हे धक्का लागल्यानंतरचे. म्हणजे पकड झाली, पंच शिट्टी तोंडात घालायला लागले, आणि तिथून पुढं हा सुरू होतो. तू नव्हतास का, कोपरारक्षक घोट्याला झोंबायचा, वर दोघं पडायचे, आणि तू तिघांना फरफटत नेऊन मध्यरेषेला बोटं टेकवायचास, अर्धं अंग सोललेलं. आपण त्याला अंगातला माज म्हणायचो. इथले जाणकार त्याला बॅलन्स म्हणतात, पायांमधला, आणि मला आता वाटतं तेच बरोबर आहे. माज असलेला गडी धडक द्यायला जातो. हा धडक घेतो आणि ती कुठल्या बाजूनं आलीय त्याच बाजूला थोडा वाकतो, भिंगरीसारखा, मारणाऱ्याचाच जोर वापरतो. अर्थात पुढचे पाच आडदांड लाइनमन भोक पाडून देतात म्हणून हे सगळं, त्यांचं नाव कुणी घेत नाही, मीपण घेत नाहीये, मला एकाचंही आठवत नाही, लाज वाटते.

सीझन संपला तेव्हा त्याच्या नावावर २६०१ यार्ड होते आणि जमिनीवरून पळून २९ टचडाऊन. कॉलेजमधला एका सीझनचा रेकॉर्ड बॅरी सँडर्स नावाच्या जुन्या रनिंग बॅकचा, १९८८ चा, २६२८. २७ यार्ड कमी पडले रे. क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, त्याच्या पुढं आणखी पाच पावलं टाक, एवढंच! ३१ डिसेंबरला अ‍ॅरिझोनात पेन स्टेटशी शेवटची मॅच, १३२ हवे होते, त्यांनी सगळे गडी पुढं आणून ह्याचीच कोंडी केली, ३० वेळा बॉल घेऊन १०४ वर अडकला आणि टीमपण हरली, ३१-१४. थर्टी फर्स्टची पार्टी माझ्या घरी होती, मी एका कोपऱ्यात तोंड पाडून बसलो होतो, लोकांना वाटलं भारतातून काही वाईट बातमी आली.

त्यात आणखी जीव जळतो ते हे की यूटा स्टेटसारख्या सोप्या मॅचला पहिल्या हाफमध्येच १८६ यार्ड काढल्यावर त्याला बाकावर बसवला होता. दुसऱ्या हाफात दोन वेळा जरी बॉल दिला असता तर. पण मग मी स्वतःलाच सांगतो, गप रे, सँडर्सनं ते ११ मॅचमध्ये केलं होतं, ह्याला १४ मिळाल्या, आणि त्या काळी सीझननंतरची बाऊल मॅच धरतही नव्हते. न्याय बघायला गेलं तर रेकॉर्ड जिथं आहे तिथंच शोभतो. कॉलेजमधल्या वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूला देतात ती हाइझमन ट्रॉफीपण ट्रॅव्हिस हंटरला गेली, हा दुसरा. हंटर बॅटिंग-बॉलिंग दोन्ही करणारा, म्हणजे अटॅक आणि डिफेन्स दोन्हीकडं खेळतो, त्याला देणं चूक नाही म्हणायचं तर म्हण, मी म्हणणार नाही.

एक राहिलंच. गेल्या सीझनच्या आधी मोठमोठ्या कॉलेजांकडून ह्याला पैशाच्या ऑफर होत्या, आता कॉलेजच्या पोरांनाही उघड पैसे मिळतात, इकडून तिकडं उड्या मारणं रोजचं झालंय. हा गेला नाही. मी स्वतः नऊ वर्षांत तीन कंपन्या बदलल्यात, मला कुठल्या तोंडानं बोलायचा अधिकार आहे, पण गावात चहाच्या टपरीवर म्हण किंवा इथल्या कॉफीच्या दुकानात, त्याबद्दल लोक ज्या आवाजात बोलतात ना, तो वेगळाच असतो.

आणि गुरुवारी ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम कॉलेजची पोरं एकेक करून निवडतात त्यात, सहाव्या नंबरला गेला. रनिंग बॅकला एवढ्या वर हल्ली कोण घेत नाही, २०१८ च्या सॅकॉन बार्कलीनंतर पहिल्यांदाच. कारण सरळ आहे, ही जात लवकर झिजते, तिशीच्या आत गुडघे संपतात. ह्यानं एका सीझनमध्ये ३७४ वेळा अंगावर घेतलंय. त्यात ज्या टीमनं घेतला ती गेल्या वर्षी पळण्यात अख्ख्या लीगमध्ये शेवटची, पुढं भोक पाडणारे कसे आहेत कुणास ठाऊक. मला धाकधूक आहे. २०२५ साठी कोच मात्र पीट कॅरोल, ज्यानं सिअ‍ॅटलला मार्शॉन लिंचला बैलासारखा पळवला होता, तेवढ्यावर आशा.

टीमचं नाव काय माहितीय? लास व्हेगस रेडर्स. रेडर! आता तुझ्यासाठी यापेक्षा सोपं करून मी काय सांगू भावा.

आमची चिनू आता शाळेच्या बसची वाट बघताना मुद्दाम हात लोंबकळत सोडून उभी राहते, दोन नंबरची जर्सी गुडघ्यापर्यंत येते तिला. मी तिला म्हटलं, माझा एक दोस्त आहे, तोपण असाच तिघांना ओढत न्यायचा. विश्वास नाही ठेवत. पेठेतल्या त्या शेवटच्या स्पर्धेचं शूटिंग तुझ्या मेव्हण्यानं केलं होतं ना, सीडी असेल कुठंतरी कपाटात. शोध आणि मोबाईलवर घेऊन पाठव, हललेलं असलं तरी चालेल.

तुझा,
बाळ्या