बाळूची आठवण शाबूत आहे

ती. अण्णा व ती. आई यांस सा. न. वि. वि.

अण्णा, "पोराची बुद्धीच गेली, आत्ता केलेलं आत्ता आठवंना," असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. तेव्हापासून जीवाला चैन नाही.

बाळूला मंत्रचळ आहे, डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात तो, तीच शंका पुन्हा पुन्हा येऊन तेच तेच तपासायला लावणारा आजार. त्यात बुद्धी जात नाही. मात्र एका कामातून मन काढून दुसऱ्यात घालणं जड जातं, कामाला वेळ लागतो, पुढची आखणी अडते. पेरणीच्या तोंडावर तो बी-खताच्या हिशेबातच अडकून बसतो ना, तो आळस नव्हे.

आखाड्यावरच्या विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर बंद केल्याचं त्याला आठवतं. त्या आठवणीवर भरवसा मात्र बसत नाही. 2003 साली नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी धडधाकट विद्यार्थ्यांना संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी काय तपासलं ते मुलांनी बरोबर सांगितलं, पण आठवण धूसर झाली आणि खात्री उडाली. चांगल्या माणसांचं असं होतं, मग आपल्या पोराचं काय होत असेल!

आई, तो रात्रीतून कितीदा विचारतो, "बंद केला ना मी?" आणि तू दर वेळी "हो रे बाळा" म्हणतेस. अण्णा बॅटरी घेऊन त्याच्यासोबत विहिरीपर्यंत जातात. सगळं मायेपोटी, पण त्यानं घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी बळावते. शंका येऊ द्यायची आणि उठून बघायचं नाही, याचीच सवय उपचारात हळूहळू लावतात. तुम्ही उत्तरं एकाएकी तोडू नका, कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतील. गोळ्यांचा गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात, मधेच सोडायच्या नाहीत. आणि देवऋषाकडे आता नको, हात जोडते.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. पोळ्याला येते, मग आपण चौघंही जाऊ. तोवर फार घाबरायला झालं तर 14416 ला फोन लावा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट.

हे पत्र बाळूलाही वाचायला द्या. त्याच्यापासून लपवू नका.

तुमची,
सुनू