रांबीरांबी

देवगड,
18 एप्रिल

प्रिय बाळ्या,

सात महिन्यांत तुला धड फोनसुद्धा केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. मी बरा आहे, बाबांची साखर गोळ्यांवर आहे, आईचा गुडघा तसाच.

सुट्टीचे नऊ दिवस उरलेत. एक गोष्ट घडली, ती इथे कुणाला सांगून कळायची नाही. दार-एस-सलामला उपांग्याच्या त्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत तूच होतास, म्हणून तुला लिहितो.

गेल्या मंगळवारी सकाळी खालच्या बागेत गेलो, तर आपला नेपाळी गुरखा झाडावर नाही. मांगराच्या दारात बसलेला, बायको बाजूला. रात्री फोन आला होता, त्याचा बाप गेला. इथून कणकवली, मुंबई, गोरखपूर, सुनौली आणि पुढे डोंगरातली बस. पोचेपर्यंत चार दिवस. हिशेब मेअखेरीस व्हायचा, त्यामुळे हातात पैसेही नाहीत. बाबा म्हणाले, "आता हो गेलो तर आंबे कोण काढतलो?" मी चिडलो, नको ते बोललो. बाबा शांतपणे म्हणाले, "तुझो बापूस जायत तेव्हा तू खय आसतलस?"

बाळ्या, त्या रात्रीपासून मला झोप नाही.

तुझे अण्णा गेले ती रात्र आठवली. तुझा पासपोर्ट परमिटच्या नूतनीकरणाला अडकलेला. पहाटे कोको बीचवर तू अंघोळ केलीस आणि मी तुझे कपडे धरून उभा होतो. तिसऱ्या दिवशी गेटवरचा म्झे पाकीट घेऊन वर आला. चारही वॉचमन, झाडूवाली दादा, कोपऱ्यावरचा बजाजी रिक्षावाला, सगळ्यांनी काढलेली रांबीरांबी, म्हणजे दुःखाच्या घरी द्यायची वर्गणी. तू नको म्हणालास आणि म्झेचा चेहरा उतरला. मग मी तुझ्या हातात ते पाकीट कोंबलं. त्यांच्या पगारात थोडे शिलिंग इकडेतिकडे झाले तरी जाणवायचे, आणि दुःख तर आपलं होतं! तीन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस तेव्हा विमानतळावर मी तुला पळपुटा म्हटलं. तो शब्द आज परत घेतो.

(आणि झाडूवालीला 'दादा' हाक मारताना तू पहिल्या महिन्यात किती अडखळायचास! बहीण म्हणजे दादा, भाऊ म्हणजे काका. 'सा ताटू'ला ये म्हटल्यावर दुपारी तीनला गेलेला माणूसही तूच. त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ, हे तुला साहेबांनी फळ्यावर घड्याळ काढून शिकवलं.)

तर गुरखा गेला नाही. धाकटा भाऊ तिथे क्रिया करतोय, हा इथे बसलाय. खाडीवर डोकं भादरून आला, पांढरं नेसला, स्वतःच्या हातानं एकवेळ बिनमिठाचं शिजवून खातो. मी वाडीत फिरलो आणि रांबीरांबी गोळा केली. वरच्या घरातली काकी म्हणाली, "ही खयची रे पद्धत?" माझ्या तोंडून गेलं, "आमच्याकडची." म्हणाल्यावर मीच दचकलो. पाकिटावर नाव घालायला पेन काढलं, तर नाव माहीत नाही. चार हंगाम तो आपल्या बागेत राबतोय आणि आम्ही त्याला गुरखा म्हणतो. कारियाकोच्या बाजारात भाजीवाला नाव न विचारता सारखं 'मुहिंदी, मुहिंदी', म्हणजे 'हिंदुस्थानी, हिंदुस्थानी' करत होता म्हणून तू टोमॅटो परत टोपलीत ओतले होतेस, आठवतं?

दुसऱ्या दिवशी बाबा न सांगता तांदूळ आणि तूप घेऊन मांगरावर गेले. सगळा हिशेब चुकता केला, वर म्हणाले, जायचं असेल तर जा. मग तासभर नुसते त्याच्याजवळ बसले. मी कलमाआडून बघत होतो. बाबा उठायला लागले तेव्हा त्यानं न शिवता काठी पुढे सरकवली. रोजचीच सवय दिसत होती. गोळी घेतली का, हेही तोच विचारतो, असं आई म्हणाली. मला वाटलं, बाबांच्या तोंडात पाणी घालायला हाच असणार. आणि मी दार-एस-सलामच्या कुठल्यातरी काउंटरवर तिकीट विचारत असणार. तोही जूनमध्ये जातो, म्हणजे पावसात तर तोही नाही.

दोन वर्षांचं नवं काँट्रॅक्ट टेबलावर पडलंय, 25 तारखेपर्यंत सही करून पाठवायचंय. बाबा म्हणतात सही कर. घराचं कर्ज आहे, आणि खरं सांगतो, मला ते गाव आवडतं. सकाळी म्झेला शिकामू म्हटलं की तो माराहाबा म्हणतो, तेवढ्यानं दिवस सुरू होतो. इथे आलो की तिथली आठवण, तिथे मार्चचा पाऊस लागला की इथली. तू परत आलास तेव्हा हे थांबलं का? अण्णांचं ओझं उतरलं का, की नुसता पत्ता बदलला? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

तुझ्या काजू कारखान्यात अजून तिकडच्या म्त्वाराची बी येते का? मुलीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार, त्यांची बदली झाली का तेही कळव.

उद्याच्या एसटीनं दोन पेट्या पाठवतोय. गवतातून काढू नकोस, चार दिवस हातही लावू नकोस. गेल्या वेळी अर्धे कच्चेच कापलेस. गुरख्यानंच उतरवलेत, क्रियेला बसण्याच्या आदल्या दिवशी. पत्र नको, फोनच कर. 25 च्या आत.

तुझा,
काका (तिकडचा)