थांबण्याबद्दल, धाकट्याच्या निमित्तानं

प्रिय मित्रा,

पत्राला फार उशीर झाला. दोन शिव्या हासड आणि पुढं वाच. गुडघा आहे तसाच, बाकी ठीक.

धाकट्याच्या अर्जाला परत नकार आला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. काळजी नकाराची नाही, त्यानंतर तो जे धरून बसलाय त्याची आहे. ‘देवाची वेळ आली की होईल’ म्हणतो आणि अर्ज भरणंच सोडून दिलंय. हे वाक्य त्याला कुणी दिलं, ते तुलाही ठाऊक आहे. (चिडू नकोस, चांगल्या मनानंच दिलंस.)

बायबलातल्या योसेफावरून आपण केवढे भांडलो होतो! तुझं म्हणणं, तुरुंगात त्यानं प्यालेबरदाराला (मिसरच्या राजाला, म्हणजे फारोला, पेला देणाऱ्या चाकराला) ‘फारोकडं माझी आठवण काढ’ असं सांगितलं हाच त्याचा अविश्वास, म्हणून आणखी दोन वर्षं तुरुंग. मला ते अजूनही पटत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या ४०व्या अध्यायात योसेफाला दोष दिलेलाच नाही. प्यालेबरदार विसरला, एवढंच आहे. १७व्या वर्षी विकला गेलेला पोरगा फारोपुढं उभा राहिला तो तिशीत. मधल्या काळात त्यानं पोटीफर या फारोच्या अंमलदाराचं घर सांभाळलं, मग तुरुंगाचा कारभार. शब्द टाकणं त्याच्या हातात होतं, तो त्यानं टाकला.

अब्राहामाचं उलट. देवाकडून संततीचं वचन घेऊन निघाला ७५व्या वर्षी. मूल होईना, तेव्हा त्याच्या बायकोनं, सारेनं, आपली दासी हागार हिला पुढं केलं. ८६व्या वर्षी इश्माएल, १००व्या वर्षी इसहाक. घोटाळा खटपटीत नव्हता, दासीच्या आयुष्याला साधन केलं त्यात होता. धाकट्यानं दार ठोठावलं तर त्यात अविश्वास कसला? ठोठावताना खोटं बोलावं लागलं, कुणाला तुडवावं लागलं, तर मात्र हात आवरायचा.

तू त्याला भेटशीलच, तर उपदेश नको (तुला जड जाईल, माहीत आहे). बायबलातलं १३वं स्तोत्र वाचायला लाव. जेमतेम सहा ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ चारदा, मग दोन ओव्या मागणं, शेवटी भरवसा. प्रार्थनाही त्याच क्रमानं करू दे. हा गडी थेट शेवटच्या ओवीवर उडी मारतो, मग गिळलेली तक्रार घरच्यांवर निघते.

कागदावर दोन रकाने आखायला सांग. एकात त्याच्या हातातलं: पुढचा अर्ज, नकाराचं कारण विचारणं, कच्चा विषय. यातल्या प्रत्येकापुढं तारीख. दुसऱ्यात निकाल, माणसांची मनं, वेळ. तिथं तारीख अजिबात नको. ‘महिनाअखेरीस देव करेलच’ असं मनाशी ठरवलं आणि महिना संपला, की कुणीच न दिलेला आणखी एक नकार पदरात पडतो. लोकांची श्रद्धा बहुधा इथंच मोडते, खऱ्या नकारानं नाही.

आणि नकाराच्या आठवड्यात मोठा निर्णय नको. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं आधी खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. समजुतीचं नंतर.

हवं तेच मिळेल, असं वचन मात्र देऊ नकोस. बायबलातल्या इब्रीकरांस पत्राच्या ११व्या अध्यायातली कितीतरी माणसं वचनाची पूर्तता न पाहताच गेली, आणि तरी त्यांची गणती विश्वासणाऱ्यांतच आहे. हे त्याला आज ऐकवू नकोस, पण तुझ्या ध्यानात असू दे.

तुझ्या बदलीचं काय? वहिनींचा खोकला गेला का? पोरीचं पत्र मिळालं, तिला वेगळं लिहितो. धाकट्याला भेटलास की लगेच कळव, आणि योसेफाबद्दल चूक कबूल करायची असेल तर तेही त्याच पत्रात उरकून टाक.

तुझाच