तारेवरचा म्हातारा आणि आमचे बाबा

पुणे, २२ मार्च

ती. बाबा आणि ती. आई यांना
सा. न.

फोनवर तुमच्या खांबावर चढण्याचा विषय काढला की बाबांना नेमकं ऐकू येईनासं होतं. "हॅलो, हॅलो, आवाज तुटायलाय" म्हणतात आणि फोन आईच्या हातात. म्हणून पत्र. पत्राची रेंज जात नाही. आणि बाबा, तुम्ही पेपरातली टेंडरंसुद्धा चष्मा लावून वाचून काढता, तेव्हा हेही शेवटपर्यंत वाचाल.

शेजारच्यांची खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर निसटली म्हणून तुम्ही परत खांबाला शिडी लावलीत, असं आईकडून कळलं. लाइन बंद करून घेतली होती म्हणे. रिटायर लाइनमनला लाइन कोण बंद करून देतं, ते मी विचारत नाही. शाळेच्या दाखल्यावरचा १ जून खरा धरला तर तुम्हाला आता त्र्याहत्तर पूर्ण होतील. आजी म्हणायची तसा पोळ्याचा जन्म धरला, तर आणखी तीन महिन्यांची सवलत.

आज अशाच एका त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचा स्मृतिदिन आहे. कार्ल वॉलेंडा. सर्कशीत उंच तारेवर चालायचा. १९०५मध्ये जर्मनीत मॅग्डेबर्गला जन्मला, घराणंच सर्कसवाल्यांचं. १९२८मध्ये तो, त्याचा भाऊ आणि मंडळी अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीत गेली. न्यूयॉर्कच्या पहिल्याच खेळाला कळलं की प्रवासात खालची जाळी हरवली. हे तसेच चढले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मग जाळीशिवाय चढणं ही त्या घराची रीतच होऊन बसली. मला विचाराल तर जाळी हरवली ती हरवली, पुढच्या गावी नवी घ्यायची होती! पण टाळ्या ऐकल्यावर कोण घेतो? तुम्हीही "मॅडम, तुमचे बाबा आले म्हणून लाइट आली" हे कुणी मला सांगताना ऐकलं की चार दिवस खूश असता.

त्याच रिंगलिंगमध्ये पुढे चाळीसच्या दशकात आपले पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबळ्यांचे खेळ करत होते. आई, तुझ्या माहितीसाठी. तू म्हणशील, एवढ्या लांबचा माणूस कशाला आणलास मधे.

आणला, कारण त्याचं आणि बाबांचं काम एकच. तार, उंची आणि ताण.

तारेवर चालणाऱ्याच्या हातात एक लांब काठी असते, टोकं खाली झुकलेली. लोकांना वाटतं ती शोभेला. पण त्या लांबीमुळे आणि वजनामुळे अंग एका बाजूला कलायचा वेग मंदावतो, सावरायला एक क्षण जास्त मिळतो. मात्र हा सगळा हिशेब तार जागेवर असेल तरच. तारच डावी-उजवी हलू लागली तर काठी काय करणार? म्हणून मुख्य तारेला दोन्ही बाजूंनी खाली ताण, म्हणजे ओढून बांधलेले दोर, देतात, थोड्या थोड्या अंतरावर. चालणारा कितीही पट्टीचा असो, त्याचा जीव खाली ताण बांधणाऱ्याच्या हातात असतो. हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे काशीला जाऊन गंगेचं वर्णन करण्यासारखं आहे. कोपऱ्याच्या खांबाचा ताण ढिला दिसला की तुम्ही स्कूटर थांबवायचात, मग आपण लग्नाला निघालेलो का असेना.

माळेगावच्या यात्रेतलं आठवतं? खंडोबाचं दर्शन झालं, घोडे बघून झाले आणि डोंबाऱ्याच्या खेळापाशी तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. बांबूच्या दोन कैच्या, मधे दोर, ढोल वाजतोय आणि माझ्याएवढीच पोरगी परातीत गुडघे टेकून दोरावरून सरकतेय. सगळी यात्रा वर बघत होती. तुम्ही मात्र मला तसंच खांद्यावर घेऊन मागच्या बाजूला गेलात आणि त्या माणसाला म्हणालात, "मामा, ह्यो खुंटा उचलायलाय." त्याने ढोल दुसऱ्याकडे दिला, दगड घेतला, चार घाव घातले, दोर अंगठ्याने दाबून बघितला आणि मान हलवली. आभार नाहीत, लाज नाही. दोन कारागिरांचं बोलणं झालं, बस्स. आईने खेळ संपल्यावर त्या पोरीला आपल्या पुडीतली गोडीशेव दिली. मी रुसले होते, कारण पुडी माझी होती.

तर कार्ल. या माणसाने सात जणांचा मनोरा तारेवर चालवून दाखवला. खाली चौघे, त्यांच्या खांद्यावरच्या दांड्यांवर दोघे, आणि त्यांच्यावर खुर्ची मांडून एक बाई. ३० जानेवारी १९६२ला डेट्रॉइटमध्ये पुढच्या माणसाची काठी सटकली आणि मनोरा कोसळला. त्याचा जावई आणि भाचा गेले, दत्तक मुलगा कमरेखाली कायमचा लुळा पडला. कार्ल स्वतः जखमी झाला, तरी वरच्या खुर्चीवरून पडणाऱ्या त्या पोरीला त्याने धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खेळ परत झाला. हे वाचून लोक वा वा म्हणतात. मला वा म्हणवत नाही.

पुढच्याच वर्षी मेहुणी पडून गेली. आणि १९७२मध्ये आणखी एक जावई. बाबा, हा कसा गेला माहितीये? तोल जाऊन नाही. बांधणीचा लोखंडी भाग हातात असताना त्याचा हात जिवंत तारेला लागला. तारेवर जन्म काढलेल्या घरात शेवटी करंटनेही माणूस नेला. तुमच्या दोस्तांपैकी जे अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, लाइनवर गेले, त्यांच्या घरी तुम्ही आईला घेऊन जायचात आणि परत आल्यावर रात्रभर कुणाशी बोलायचा नाहीत. ते मी बघितलंय. म्हणून हा जावई मला जास्त लागला.

कार्लचं कौतुकही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी एकांगी लिहिते. १९७०मध्ये, पासष्टाव्या वर्षी, तो जॉर्जियातल्या टल्युला दरीवरून तारेवर चालत गेला, आणि मधे थांबून दोनदा डोक्यावर उभा राहिला. तुम्ही अठ्ठावन्नला हारतुरे घेऊन घरी आलात, त्याच्यापुढे सात वर्षं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. येत होतं म्हणून केलं. तुमचंही तसंच आहे, हे मला कळतं. येणारं काम समोर पडलेलं बघवत नाही.

मग २२ मार्च १९७८. पोर्टो रिकोत सान हुआनला, समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या दोन इमारतींमधे तार बांधली होती. उंची सदतीस मीटर, म्हणजे तुमचे आठ मीटरचे खांब एकावर एक चार ठेवून वर अजून अर्धा. वारा ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या वर. त्याचं चित्रण आहे. म्हातारा मधोमध येतो, तार हलते, तो हळूहळू खाली बसू बघतो, एक हात तारेकडे जातो, आणि गेलाच. सगळे वाऱ्याला दोष देतात. घरच्यांनी नंतर सांगितलं की वारा होताच, पण ताणाचे काही दोर चुकीचे जोडले होते. पन्नास वर्षांहून जास्त तारेवर काढलेला माणूस, आणि खाली कुणीतरी गाठ नीट बघितली नाही. तुम्ही तिथे असता तर त्याला चढू दिलं नसतं. हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही, मला खरंच तसं वाटतं.

याच्या पणतूची गोष्ट मात्र कामाची आहे. निक वॉलेंडा. २०११मध्ये तो आणि त्याची आई सान हुआनच्या त्याच जागी तारेवर दोन टोकांकडून आले, मधे आई खाली बसली आणि हा तिला ओलांडून गेला. (आई, तू हे वाचून कपाळाला हात लावशील.) नंतर १५ जून २०१२ला तो नायगारा ओलांडून कॅनडात गेला. पलीकडे पोचल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट मागितला आणि याने तो खिशातून काढून दिला! पण त्या दिवशी त्याच्या कमरेला सुरक्षेचा दोर होता. त्याला नको होता, घराण्याची रीत मोडते म्हणून. टीव्हीवाले अडून बसले, दोर नाही तर प्रक्षेपण नाही. मग बांधला. नायगारा पार झाला तो झालाच, दोर होता म्हणून कुणी त्याला कमी लेखलं नाही.

तुमच्या ट्रंकेत ऑफिसचा सेफ्टी बेल्ट अजून आहे, चामडं कडक झालेलं. नोकरीतही तो किती वेळा लावलात, ते देवाला ठाऊक.

आई, तुला वेगळं लिहायचं राहिलं. कार्लची बायको हेलन तरुणपणी तारेवर त्याच्या खांद्यावर उभी राहायची. तू शिडी धरतेस. गुडघा सुजलेला असताना धरतेस आणि वर "ते ऐकतात का माझं" म्हणून मलाच विचारतेस. उद्यापासून शिडी धरायची नाही. तू धरली नाहीस तर ते चढणार नाहीत, एवढं मी लिहून देते.

बाबा, गल्लीत आयटीआय केलेला पोरगा आहे ना, वायरमन ट्रेडचा, लायसनवाला? लाइन बंद करणं ऑफिसवाल्यांकडे, चढणं त्याच्याकडे. तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि ताण, शिडी, त्याचे हातमोजे बघा. चुकला की ओरडा. ओरडायला वयाची अट नाही.

रामनवमीच्या सुट्टीत आम्ही येतोय. ती बांबूची शिडी मी आल्यावर कुणाला तरी देऊन टाकणार आहे, आधीच सांगून ठेवते. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला पैसे पाठवलेत, ते शेजाऱ्याच्या वायरीला खर्च करू नका. आईच्या गुडघ्याचं औषध संपलं असेल तर नाव फोटो काढून पाठवा, इकडून घेऊन येते.

तुमची
मुलगी