बसस्टँडवरच्या त्या आजी

लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत सांगितलंस की बेळगावच्या बसस्टँडवर एक म्हातारी खांबाला टेकून बसलेली असते, मराठी बोलते, ‘माझं गाव पाण्यात गेलं’ एवढंच सांगते, आणि लोक वेडी म्हणून पुढं जातात. शिनोळीहून बाजाराला जाताना तू तिला भाकरी देतेस. तेव्हापासून ती माझ्या मनातून जात नाही.

आई, ती वेडी नसेलही. हिडकल धरण झालं तेव्हा घटप्रभेकाठची गावं खरंच बुडाली. कदाचित ती आपला पत्ताच सांगत असेल! पुढच्या खेपेला तिच्याशेजारी जरा बूड टेकव आणि विचार: देऊळ कुठल्या देवाचं होतं, बाजार कुठल्या वारी भरायचा, माहेर कुठलं, गाव उठलं तेव्हा कुठं जागा दिली? एखादं नाव त्या धरणाजवळच्या हुक्केरी-संकेश्वराकडचं निघालं, तर तिथं विचारणारं कुणीतरी सापडेल.

आणि तिचे पाय बघ. आमच्या बेघरांच्या केंद्रात आलेल्या माणसाला आम्ही आधी कागद मागत नाही, त्याच्या पायांकडे बघतो. गेल्या आठवड्यात एकजण आला, तीन दिवस ओले मोजे तसेच पायात. मी मोजे काढले तर तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. कोमट पाण्यात पाय धुतले, कोरडे मोजे दिले. चहाचा मग हातात धरून तो बराच वेळ नुसता बसला, आणि मग आपणहून नाव सांगितलं. त्यानंतर फॉर्म.

इथं 2017 च्या कायद्यानं घर जायची वेळ आलेल्या माणसाला काउन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, 56 दिवस आधीपासून मदत करायची असते. रस्त्यावर झोपलेला कुणी दिसला तर साधा माणूसही कळवू शकतो, मग आमच्यासारखे कुणीतरी रात्री शोधायला निघतात. खोल्या कमीच पडतात, पण विचारायला एक दार आहे.

आपल्याकडेही दारं आहेत, ती ठोठावावी लागतात. निराधार वृद्धांसाठी 14567 हा फोन आहे, तो आधी लाव. तिला खरंच मानसिक आजार असेल आणि स्वतःला सांभाळता येत नसेल, तर 2017 च्याच मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नाही, हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राच्या योजनेत लाख वस्तीमागे किमान 100 जणांची सोय धरली होती. 2011 च्या जनगणनेतच बेळगाव पाच लाखांच्या जवळ होतं. महापालिकेत जाऊन निवारा कुठं आहे ते विचारा, बाबांना बरोबर ने.

काका हरवले तेव्हाचं तुला आठवतंच. बेळगावातल्या एका कचेरीत बाबांच्या हातात कन्नड फॉर्म दिला आणि वर म्हणाले, ‘माणूस तिकडचा, तिकडं जावा.’ तिकडं, म्हणजे महाराष्ट्रात, गेलो तर ‘हरवला बेळगावात ना?’ त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काका खानापूर स्टेशनवर सापडले, तळपायाला फोड, आणि मला बघून म्हणाले, ‘किती येळ लावलासा.’ मी दहा वर्षांची होते. या कामात मी का आले असं कुणी विचारलं की मला तेच आठवतं.

म्हणून आजींच्या बाबतीत कुणी हद्द दाखवली तर परत फिरू नकोस. कन्नड बोलायला शेजारच्या वहिनींना सोबत घे. आणि त्या नको म्हणाल्या तर ओढून नेऊ नका, दुसऱ्या दिवशी परत जा. कपाटात माझे जुने लोकरी मोजे आहेत, ते घेऊन जा, थंडी वाढली असेल.

रविवारी फोन करते. त्यांचं नाव कळलं तर तेवढं आधी सांग.

तुझी,
धाकटी