सायकसला पाम समजू नका

संपादक महोदय,

पावसाळा लागला की नागपुरात बंगल्यांपुढे आणि सोसायट्यांच्या फाटकांशी सायकसची रोपे लावली जातात. नर्सरीत त्यांना सर्रास ‘सागो पाम’, म्हणजे साबुदाण्याचा पाम, म्हणतात. प्रत्यक्षात नारळ-सुपारीशी त्यांचे काही नाते नाही. चीड-देवदारासारखीच ती उघड्या बियांची झाडे. आपला उपवासाचा साबुदाणाही त्यांचा नव्हे, तो टॅपिओकाच्या कंदांपासून होतो. पण साबुदाण्याचे झाड म्हटले की त्याचे विष कोणाच्या मनात येत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे.

या झाडाचा प्रत्येक भाग विषारी, त्यातही बिया सर्वांत जास्त. मादी झाडाच्या शेंड्यावर पिवळसर तपकिरी, लोकरीसारख्या लव असलेल्या पात्यांचा गड्डा येतो. त्यात आवळ्याएवढ्या शेंदरी बिया लपलेल्या असतात. मुलांना त्या हमखास खेळायला हव्या असतात. त्यांतले सायकॅसिन हे विष यकृत निकामी करते. कुत्र्याने एक-दोन बिया चावल्या तरी तो दगावू शकतो. उलट्यांची वाट न पाहता, उरलेली बी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. बाळगोपाळ किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरी तो गड्डा बिया पिकण्याआधीच हातमोजे घालून काढून टाकावा.

आपल्याकडे झाड मरते ते बहुधा काळ्या मातीमुळे. पाणी साचून बुंधा आतून कुजतो आणि बाहेरून तो धडधाकट दिसत राहतो. म्हणून फूटभर उंच वाफा करून मुरूम, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात भरावे आणि बुंध्याचा गळा मातीवर ठेवावा. मातीच्या वर आलेल्या, पोवळ्यासारख्या फुटलेल्या मुळ्यांना रोगाच्या गाठी समजून छाटतात, ते तर फारच वाईट. त्या आडव्या कापल्या तर आत हिरवे-निळे वलय दिसते. ते नत्र पुरवणाऱ्या निळ्या-हिरव्या जिवाणूंचे घर असते.

नवी पाने नेच्यासारखी गुंडाळलेली एकदमच येतात. प्लेन्स क्युपिड हे छोटे फुलपाखरू त्यांवर अंडी घालते आणि अळ्या चार दिवसांत पानांचा नुसता सांगाडा ठेवतात. कोवळ्या पानांवर मुंग्यांची ये-जा दिसली की अळ्या आहेत असे समजावे. कोंब दिसल्यापासून पाने कडक होईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी पाहावे. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. जुनी हिरवी पाने छाटू नयेत, नव्या पानांचे अन्न त्यांतूनच येते.

बागेत सहसा दिसणारे सायकस रिव्होल्युटा हे मूळचे दक्षिण जपानचे. सायकस आणि त्याच्या नात्यातल्या झाडांना सायकॅड म्हणतात. जगभर त्यांच्या १० प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि सुमारे ३७५ जाती आहेत. सायकस ही प्रजाती पूर्व आफ्रिकेपासून भारतामार्गे जपान, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत पसरली आहे. एन्सेफॅलार्टोस फक्त आफ्रिकेत, मॅक्रोझामिया फक्त ऑस्ट्रेलियात, डायून मेक्सिको-मध्य अमेरिकेत आणि मायक्रोसायकस केवळ क्युबात आहे. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागातील जंगलात एन्सेफॅलार्टोस वुडीचे एकच झाड सापडले. तेही नर. आज बागांत वाढणारी सगळी त्याचीच पिल्ले, म्हणजे बी धरायला मादी आजवर जगात कुठेच सापडलेली नाही.

आपल्याकडेही तिरुपती-कडप्पाच्या डोंगरांतले सायकस बेडोमी संकटात आहे, आणि त्याच्या व्यापारावर सायटीस या वन्य जिवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कडक निर्बंध आहेत. म्हणून देशी सायकस घेताना रोप बियांपासून वाढवलेले आहे का, ते विचारावेच. मोठा बुंधा, छाटलेली मुळे आणि कुंडीत न रुजलेले झाड दिसले, तर ते जंगलातून उपटलेले असू शकते. असे झाड स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. सार्वजनिक बागांच्या व्यवस्थापनाला विनंती की सायकसजवळ बरोबर नावाची पाटी लावावी आणि त्यावर ‘बिया विषारी’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत.

— वनस्पतिशास्त्राचे काही अभ्यासक, नागपूर