आमच्या येण्याला 'लोंढा' म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आयटीतली नोकरी, इथला फ्लॅट, सगळं सोडून कोकणात जाऊन राहिलेल्या नवराबायकोवर पानभर लेख होता. मी तो दोनदा वाचला, मला आवडलाही, फोटो छान होते, मातीचं घर, अंगणात कोंबड्या. हिंमत लागतेच त्याला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच दिवशीच्या अंकात आत एका बातमीत "पुण्यात बाहेरून येणारे लोंढे" असं वाचलं आणि दिवसभर शिलाई मशीनवर बसले होते तरी तो शब्द काही डोक्यातनं जाईना. लोंढा पाण्याचा असतो हो. माणसं येतात ती घरात रात्र रात्र बोलून, देणं कुणाचं किती राहिलं ते मोजून, म्हाताऱ्यांना कुणापाशी ठेवायचं ते ठरवून येतात. म्हणून हे पत्र लिहितेय, छापलंत तर बरं होईल.

आम्ही १९७२ च्या दुष्काळात आलो, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातनं. मी चार वर्षांची होते त्यामुळं मला स्वतःला थोडंच आठवतं, बाकी सगळं मायनं सांगितलेलं. जमीन होती, नव्हती असं नाही, पण कोरडवाहू, आणि पाऊस आधीच्या सालापासनंच दगा देत होता. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणायची की बहात्तरला विहिरीत थोडंफार पाणी तरी होतं पण घरात दाणा नव्हता. रेशनवर बाहेरच्या देशातनं आलेली ती तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना हातावर चिरायची असं माय सांगायची. दुष्काळी कामावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि मायनं खडी फोडली, मला तिथंच झाडाखाली बसवायचे, तिथं सुकडी वाटायचे, तिचा गोड वास मात्र मला खरंच आठवतो.

मग बैल विकले. चारा नाही म्हणल्यावर जो तो विकायलाच आलेला, भाव कोण देणार. बाजारातनं आण्णा परत आले आणि रात्री उशिरापर्यंत नुसतं दावं हातात धरून ओट्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. माय म्हणायची, त्या रात्रीच मला कळलं की आता आपण इथं राहत नाही.

एसटीनं निघायचं म्हणल्यावर काय काय घ्यायचं हा प्रश्न आला. गोधड्या, दोन पातेली, तवा, देवाचे टाक, आणि मायनं हट्टानं वरवंटा घेतला. पाटा जड, तो उचलून नगरला गाडी बदलून पुण्यात शिवाजीनगरच्या स्टँडवर कोण आणणार, तो तिथंच मागच्या दारी राहिला. इथं आल्यावर काही दिवसांनी तिनं नवा पाटा घेतला पण जुना वरवंटा त्याच्यावर बसेचना, गावाकडच्या पाट्यावर वर्षानुवर्ष घासून त्याचा आकार तसा झालेला, मिरची वाटायला घेतली की कडेनं निसटायची आणि मधे तशीच राहायची. शेजारची बाई म्हणाली टाकून दे तो आणि नवा घे, पण मायनं ऐकलं नाही. टाकी लावणाऱ्या बाया दारावर ओरडत आल्या की पाट्याला आणि वरवंट्याला दोन्हीला टाकी लावून घ्यायची, परत वाटून बघायची, असं सहा-सात महिने चाललं तेव्हा कुठं चटणी नीट वाटली जायला लागली. तो वरवंटा माझ्याकडं आहे अजून. मी मिक्सर वापरते, पण तो ओट्याखाली ठेवलाय.

आण्णा भवानी पेठेत हमालीला लागले. गावातला एक जण आधी आलेला होता, त्याच्या ओळखीनं टोळीत घेतलं, नाहीतर अनोळखी माणसाला कोण घेतंय. शंभर किलोची गोणी पाठीवर आणि हातात आकडा. पहिल्या पावसाळ्यात आम्ही एका पत्र्याच्या खोलीत दोन कुटुंबं राहिलो, मधे लुगड्याचा पडदा. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं, म्हणजे हमालांच्या संघटनेनं, १९७४ ला 'कष्टाची भाकर' सुरू केली तेव्हा झुणका-भाकर स्वस्तात मिळायला लागली आणि ज्या दिवशी माय आजारी असायची त्या दिवशी आण्णा तिथनं भाकरी बांधून आणायचे. पुढं भुसार बाजार गुलटेकडीला मार्केटयार्डात गेला तसे आण्णाही तिकडं गेले आणि म्हातारपणापर्यंत तिथंच राहिले. पुण्यात कुणाच्या किचनमधे जो गहू-तांदूळ येतो तो अशाच कुणाच्या तरी पाठीवरनं उतरून येतो.

आणि सगळं सोडून म्हणतो आपण पण सुटत नाही हो. सातबाऱ्यावर नाव तिकडं, मत तिकडं, रेशनकार्ड किती तरी वर्ष तिकडं, भावकीतल्या लग्नाला रजा टाकून तिकडंच. आण्णा दर पोळ्याला गावी जायचे. स्वतःचे बैल नाहीत तरी जायचे, चुलत्याच्या बैलांच्या शिंगांना रंग लावायला. "आम्ही पुणेकर" असं त्यांच्या तोंडातनं मी एकदाही ऐकलं नाही, चाळीसएक वर्ष इथं राहून.

परवा एका सोसायटीत ब्लाउज द्यायला गेले तिथं दोघीजणी बोलत होत्या, पाणी पुरत नाही, ट्रॅफिक बघवत नाही, हे सगळे बाहेरचे लोंढे येतात म्हणून. पाणी पुरत नाही हे खरंय, आमच्याकडं अप्पर इंदिरानगरला तर विचारूच नका, मी रात्री उठून हंडे भरते. पण ते पाणी येतं कुठनं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि त्या धरणांपायी कितीतरी घरांना गाव सोडावं लागलं, पाण्याखाली गावं गेलीत. त्यांनीही घर, देऊळ, शेत सगळं सोडलं, आपल्या नळाला पाणी यावं म्हणून. बरं, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पेठांमधल्या अस्सल पुणेकरांनाही अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडावं लागलं होतं ना, गोखलेनगर, सहकारनगरच्या पूरग्रस्तांच्या वसाहती त्यातनंच उभ्या राहिल्या. त्यांना कुणी लोंढा म्हणलं नाही आणि म्हणायलाही नको होतं.

आता आजचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला जालन्याकडची एक पोरगी नवरा आणि दोन लेकरं घेऊन आलीय, दिवाळीनंतर. नवरा सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो, कधी काम मिळतं कधी नाही. पोराला शाळेत घालायला गेली तर "दाखला आणा, नाहीतर जूनमधे या" म्हणून परत पाठवलं. दाखला आणायला जालन्याला जायचं म्हणजे दोघांचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी गेली. मी तिच्याबरोबर परत गेले आणि सांगितलं की शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून लेकराचा प्रवेश अडवता येत नाही, वर्षाच्या मधे आला तरी घ्यावंच लागतं. थोडी बोलाबोली झाली पण घेतलं, तिसरीत बसतोय तो आता. रेशनचंही तसंच, कार्ड गावाकडचं असलं तरी कार्डाचा बारा आकडी नंबर सांगून आणि अंगठा लावून देशात कुठल्याही दुकानात धान्य घेता येतं, निम्मं इथं आणि निम्मं गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तिकडं असंही चालतं, पण दुकानदारानं तिला सांगितलं "तुमचं नाव इथं नाही" आणि ती मुकाट्यानं परत आली. तिला माहीतच नव्हतं. आम्हाला तरी बहात्तरला कुठं काय माहीत होतं, पण तेव्हा असे कायदे नव्हते, आता आहेत आणि तरी ती पोरगी तीन महिने दुकानातनं महाग तांदूळ घेत राहिली याचा मला फार राग येतो.

संपादक साहेब, कोकणात गेलेल्यांवर तुम्ही पानभर लिहिलंत, त्यांनी काय सोडलं, पहिला पावसाळा कसा काढला, रात्री भीती वाटली का, सगळं आपुलकीनं विचारलंत. तेच प्रश्न इकडं आलेल्यांना विचारा ना. त्या लेखाच्या शेजारी एक चौकट टाका, शाळेत असं सांगतात तेव्हा काय म्हणायचं, रेशनला नाही म्हणाले तर कुठं तक्रार करायची. पेपर अड्ड्यावर येतो, चहाच्या टपरीवर असतो, एक जण मोठ्यानं वाचतो आणि दहा जण ऐकतात, मी बघितलंय.

तुमचा माणूस पाठवणार असाल तर सकाळी सातच्या आत पाठवा, नऊला अड्डा रिकामा होतो. मी बरोबर येईन, त्या पोरीशीही बोलून ठेवलंय, ती म्हणाली या, चहा माझ्याकडं घ्या.

आपली नेहमीची वाचक,
अप्पर इंदिरानगर, पुणे